जर्मन मुलाखती, केळशीकर सरांच्या मराठीत

केळशीकर सरांनी मला पहिल्यांदा बोलावलं ते एसीचा आवाज बंद करण्यासाठी. बहरीनमध्ये एसी बंद पडला म्हणून बोलावणारे शेकडो भेटतात, आणि गार होत नाही म्हणून बोलावणारे तर रोजचेच. पण एसी उत्तम चालतो आहे, फक्त त्याने तोंड मिटावं, ही तक्रार मी आयटीआय पास झाल्यापासून ऐकली नव्हती. ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सर तेव्हा अस्करकडच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात वरिष्ठ इंजिनिअर होते आणि आजच्यासारखेच जनाबियाला राहत होते. मी चिपळूणकडचा, बहरीनला येऊन जेमतेम दोन वर्षं झालेला मेकॅनिक.

हॉलमध्ये टीव्ही चालू होता. पडद्यावर काळ्यापांढऱ्या रंगात एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाचा चेहरा होता. नुसता चेहरा. तो बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा. मी एसीची जाळी उघडून एक कान तिकडे देऊन होतो. शेवटी न राहवून विचारलंच.

"ह्यो कोन, सर? पुढारी काय?"

"नट आहे. जर्मनीतला मोठा नट. जाऊन बरीच वर्षं झाली."

"मग नुसतं तोंडच दाखवतात? नाच नाय, फायटिंग नाय?"

आत सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मोठ्याने हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी रिमोटने चित्र थांबवलं आणि मला म्हणाले, "तो काय सांगतो आहे ते ऐकायचं आहे का, प्रकाशराव?"

मला आयुष्यात कुणी 'राव' म्हटलं नव्हतं. मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तिथेच बसलो. सर एकेक वाक्य ऐकून मराठीत सांगू लागले. तो नट म्हणत होता की त्याला जन्मगावी जायची भीती वाटते, कारण तिथे सगळे त्याला लहानपणच्या नावाने हाक मारतात आणि मग त्याचं कुठलंच सोंग वठत नाही. मला गावात अजून 'पक्या' म्हणतात. गळ्यात सोन्याची चेन घालून गेलो तरी पक्याच. मी अर्धा तास ऐकत बसलो आणि पुढच्या कॉलला उशिरा गेल्याबद्दल फोरमनच्या शिव्या खाल्ल्या.

काकू अजून सांगतात, "इतकी वर्षं हे एकटेच त्या कॅसेटी बघत बसायचे. तुम्ही विचारलंत आणि आमच्या घराची धर्मशाळा झाली." तेव्हा या सगळ्याला मीच जबाबदार आहे, हे मी इथे अभिमानाने नोंदवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी या कॅसेटींबद्दल थोडं सांगायला हवं. सर तरुणपणी प्रशिक्षणासाठी जर्मनीत होते आणि एका विधवा आजींच्या घरी खोली घेऊन राहत होते. रविवारी सकाळी टीव्हीवर नामवंतांच्या मुलाखतींच्या एका जुन्या मालिकेचे भाग पुन्हा दाखवत. एक अंधारी खोली, एक खुर्ची, खुर्चीत कधी नट, कधी मंत्री, कधी शास्त्रज्ञ. विचारणाऱ्याचा फार तर डोक्यामागचा भाग दिसायचा. ना संगीत, ना टाळ्या. आजी प्रत्येक वाक्य सरांना सोप्या जर्मनमध्ये पुन्हा सांगायच्या, आणि सर ती भाषा शिकले ते अशा रीतीने. पुढे सर बहरीनला आले तेव्हा आजींनी एकेक भाग कॅसेटवर उतरवून पार्सलने पाठवायला सुरुवात केली. आजी गेल्या तोवर अशा एकतीस कॅसेटी जमल्या होत्या. प्रत्येकीवर त्यांच्या तिरप्या अक्षरात पाहुण्याचं नाव आहे.

त्या एकतीस कॅसेटींवर आम्ही वीस वर्षं काढली; नवी वर्षाला एक-दोनच, एरवी जुन्याच पुन्हा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी चार वाजता. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, अकाउंटंट आणि कोकणातले आम्ही ड्रायव्हर, शिंपी, मेकॅनिक असे तीसएक जण जमायचो. एसीचा प्रश्न मी सोडवला तो असा : बारा वाजल्यापासून हॉल थंडगार करून ठेवायचा आणि चारला एसी बंद करायचा. गारवा पाऊण तास टिकतो आणि मुलाखतही तेवढीच असते. चहा-पोह्यांच्या वेळेला सगळे घामाघूम व्हायचे, पण तोवर ऐकून झालेलं असायचं.

सर टीव्हीशेजारी खुर्चीत बसत. वाक्य झालं की थांबवत आणि मराठीत सांगत, तेही "तो म्हणतो" असं नव्हे, तर "मी" म्हणून. बाई बोलत असली की सर "मी गेले, मी रडले" असं म्हणत. भरघोस मिशांचे सर "मी तेव्हा सतरा वर्षांची होते" म्हणाले, तेव्हा पहिल्या बैठकीला आम्ही तोंडात रुमाल कोंबले. तिसऱ्या बैठकीला कुणाला हसू आलं नाही. त्या पाहुण्यांपैकी एकाचंही नाव आम्ही आधी ऐकलेलं नव्हतं, पण काही महिन्यांतच त्यांच्याबद्दल आम्ही चाळीतल्या शेजाऱ्यांसारखे बोलू लागलो. एक मंत्री सगळ्या प्रश्नांना बगल देत होता. खेडचा आमचा एक ड्रायव्हर मागून म्हणाला, "ह्याला आमच्या सरपंचाची खोड हाय. इचारलं येक, सांगतो भलतंच." पळसाला पाने तीनच, हे मला जर्मनीच्या मंत्र्याने शिकवलं.

सरांचे नियम कडक. चपला बाहेर आणि हुद्दाही बाहेर. सोफ्यावर ज्यांचे गुडघे दुखतात ते बसणार, बाकी सगळे सतरंजीवर, मग तो बँकेचा मॅनेजर का असेना. दुसरा नियम असा, की पाहुणा गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. कुणी कंटाळून "सर, जरा पुढे घ्या ना" म्हटलं की उत्तर ठरलेलं असे : "फॉरवर्ड मफी." मफी म्हणजे नाही, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. सरांच्या तोंडून मात्र तो सरकारी हुकूम वाटायचा.

आणि तिसरा नियम, जो सगळ्यांत महत्त्वाचा. समोरच्याच्या शब्दाला हात लावायचा नाही. प्रत्येक भाग दाखवण्याआधी सर तो सात-आठ वेळा बघत, वहीत उतरवत, शब्दकोश धुंडाळत. एकदा आम्ही सगळे जमलो, हॉल गार झाला, आणि सरांनी जाहीर केलं की आज मुलाखत होणार नाही. एका शास्त्रज्ञाचं एक वाक्य त्यांना नीट लागत नव्हतं. आमच्यातले बँकेचे मॅनेजरसाहेब म्हणाले, "अहो, एकच वाक्य ना? अंदाजाने सांगा." सर म्हणाले, "मला जे कळलं नाही ते मी त्याच्या तोंडी कसं घालू?" आम्ही पोहे खाऊन परत गेलो. मी तर चिडलो होतो, कारण त्या शुक्रवारचा ओव्हरटाइम सोडून आलो होतो.

सरांचा हा स्वभाव फक्त टीव्हीपुरता नव्हता. आमच्यातले एक शिंपीकाका सलमानियाच्या हॉस्पिटलात पोटाच्या ऑपरेशनसाठी होते. घरचं इथे कुणी नाही. सर सलग सहा दिवस संध्याकाळी जाऊन बसले. फळं-बिस्किटं तर सगळेच नेतात. सर खुर्ची पुढे ओढून त्यांना प्रश्न विचारायचे. पहिलं शिवलेलं कापड कोणतं? ते कुणी घातलं? शिंपीकाका एरवी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे न जाणारे. पण ते सहा दिवस बोलत होते. घरी परतताना मला म्हणाले, "परकास, मला कुनी येवडं कदी इचारलंच नव्हतं रे."

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, त्या गोष्टीकडे येतो. ती लिहायची की नाही यावर मी महिनाभर विचार केला. पण ती लिहावी अशी खुद्द सरांची आज्ञा आहे.

बारा वर्षांपूर्वी, ऐन जूनमध्ये, माझी आई गेली. मी थोरला मुलगा. माझा व्हिसा तेव्हा नूतनीकरणाला गेला होता आणि पासपोर्ट त्या कागदांत अडकला होता. धाकट्या भावाने, दिलीपने, अग्नी दिला. मी इथे कुणाच्या तरी गच्चीवर कॉम्प्रेसर बदलत होतो. सर आणि काकू माझ्या खोलीवर आले, तासभर बसले. निघताना सर म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी नाही आलात तरी चालेल." मला वाटलं, सुतक म्हणून म्हणतात.

मी गेलो. त्या दिवशी एका प्रसिद्ध नटीची नवी मुलाखत होती. अठराव्या मिनिटाला विचारणाऱ्याने तिच्या आईबद्दल विचारलं. आई गेली तेव्हा ती दुसऱ्या शहरात नाटकात काम करत होती. ती काहीतरी बोलली. सरांचं चित्र थांबवायचं राहून गेलं. एरवी ते लगेच सांगत, त्या दिवशी त्यांना वेळ लागला. मग ते म्हणाले, "मला जाता आलं नाही. पण ते माझ्या हातात नव्हतं, हे आईला ठाऊक होतं. तिने मला केव्हाच माफ केलं असणार."

त्या तीन वाक्यांनी मला जगवलं. ती मला पाठ झाली. पुढे आमच्यातल्या एकाने कॅसेटी मोबाइलवर उतरवून दिल्या, तेव्हा मी तेवढी एक मागून घेतली. तिची भाषा कळत नसतानाही अठरावं मिनिट मी शेकडो वेळा ऐकलं असेल.

माझी मुलगी अंकिता नर्स आहे. जर्मनीत नोकरी मिळावी म्हणून ती गेल्या वर्षी पुण्यात जर्मन शिकू लागली. मी मोठ्या कौतुकाने तिला ती मुलाखत पाठवली आणि सांगितलं की अठराव्या मिनिटाला ती आईबद्दल काय बोलते ते ऐक, तुझ्या बापाला पाठ आहे. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"बाबा, ती असं म्हणत नाहीये."

"तुला अजून नीट येत नसेल."

"मी आमच्या मॅडमना पण ऐकवलं. ती म्हणते, मला जाता आलं असतं. मी गेले नाही. त्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणी करावं असंही मला वाटत नाही."

मी फोन ठेवला. मला सरांचा इतका राग आला की तो मी इथे सौम्य करून लिहिणार नाही. ज्या माणसाने एका वाक्यासाठी तीस माणसांना परत पाठवलं, त्याने माझ्याशी हे करावं? बारा वर्षं मी एका बाईच्या न बोललेल्या वाक्यावर डोकं टेकून झोपत होतो. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? मी कुणाला काही बोललो नाही, फक्त शुक्रवारी जाणं बंद केलं. हॉल गार करायला दुसरा मेकॅनिक पाठवला.

दोन महिन्यांनी सरच माझ्या खोलीवर आले. तीन जिने चढून, एक हात कठड्यावर आणि एक गुडघ्यावर ठेवत. माझ्या खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "अंकिताने मला पत्र लिहिलं आहे. तिचं बरोबर आहे."

मी रिकामा ग्लास त्यांच्या हातून घेतला.

"मला ते वाक्य आठ दिवस आधीपासून माहीत होतं. वहीत बरोबर उतरवलेलंही आहे. तुम्ही येणार नाही असं वाटलं होतं. तुम्ही समोर सतरंजीवर बसला होतात. मी तुमच्याकडे बघितलं आणि माझा धीर झाला नाही."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं, सर."

"हो. सांगायला हवं होतं. तुम्ही दर वेळी म्हणायचात, त्या बाईने मला तारलं. मग दर वेळी राहून जायचं. ती कॅसेटही मी पुन्हा लावली नाही. तुमच्या बाबतीत मी चुकलो, प्रकाशराव. तिच्या बाबतीतही चुकलो. ती इतकं खरं बोलली आणि मी ते पुसून टाकलं."

मी सरांना तेव्हा 'असू द्या' म्हटलं नाही. मनात नव्हतं, म्हणून म्हटलं नाही.

सर पुढे म्हणाले, "माझ्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ मंडळी काढताहेत. मी त्यांना सांगितलं आहे, आधी ती मुलाखत सगळ्यांसमोर पुन्हा दाखवीन, मग सत्कार. आणि या गोष्टीवर तुम्ही लिहायचं."

"गौरवाच्या पुस्तकात तुमची चूक लिहू?"

"बाकीचे चांगलंच लिहिणार आहेत. हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

सर गेल्यावर मला उमगलं की ते काय पणाला लावत आहेत. वीस वर्षं तीस माणसं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून ऐकत आली होती. आमच्यातल्या एकालाही जर्मन येत नव्हतं. एक वाक्य खोटं होतं असं कळल्यावर उद्या कुणीही म्हणू शकलं असतं की बाकीचं तरी खरं कशावरून?

आणि तसंच झालं. मुलाखत पुन्हा दाखवायच्या शुक्रवारी हॉल भरला होता. मीही गेलो आणि दाराजवळ बसलो. सरांनी माझं नाव न घेता सगळं सांगितलं. मग मॅनेजरसाहेबांनीच विचारलं, "सर, मग आजवर ऐकलेल्या बाकीच्या मुलाखतींचं काय समजायचं?" सरांचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. ते म्हणाले, "प्रत्येक मुलाखतीची एक अशा एकतीसही वह्या या टेबलावर ठेवल्या आहेत. मुलाखती मोबाइलवर आहेत. जर्मन जाणणाऱ्या कुणाकडूनही तपासून घ्या. तुम्हाला शंका यावी असं मी वागलो आहे." मग त्यांनी मुलाखत सुरू केली.

अठरावं मिनिट आलं. ती बोलली. सर म्हणाले, "मला जाता आलं असतं. मी गेले नाही. त्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणी करावं असंही मला वाटत नाही." त्यानंतर ती बाई बराच वेळ काही बोलत नाही. बारा वर्षांपूर्वी सरांनी ही जागा मराठी बोलण्याच्या नादात भरून काढली होती. या वेळी त्यांनी ती तशीच राहू दिली. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला तिच्यावरून नजर काढता येईना.

कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. माझा पासपोर्ट आई गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या हातात आला होता. अग्नीला नाही, पण दहाव्याला मी आरामात पोहोचलो असतो. हंगाम जोरात होता, फोरमन म्हणाला होता की आता जाऊन काय करणार, आणि मलाही, खरं सांगतो, आईशिवायच्या त्या घरात शिरायची छाती झाली नाही. गावाला कळवलं की कागद अजून अडकलेत. सरांना वाटत होतं की त्यांनी एका असहाय माणसाला धीर दिला. मी असहाय नव्हतो.

मुलाखत संपल्यावर मी उभा राहिलो आणि हे सगळं तिथे, तीस माणसांसमोर बोललो. कसं बोललो ते आठवत नाही. सर उठले, माझ्याजवळ आले, आणि मी बारा वर्षांत पहिल्यांदा आईसाठी रडलो. काकूंनी त्या दिवशी चहा उशिरा आणला. मॅनेजरसाहेबांनी टेबलावरच्या वह्या उचलल्या, नीट रचल्या आणि कपाटात परत ठेवल्या. एकही उघडली नाही.

मग मी बाहेर व्हरांड्यात जाऊन दिलीपला फोन लावला आणि पासपोर्टचं सांगितलं.

"दादा, मला म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "तुझ्याबरोबरचा दाभोळचा पोरगा त्याच महिन्यात आल्ता. त्यानं सांगितलंन."

"मग तू कदी बोल्लास नाय?"

"काय बोलू? दहाव्याला कावळा शिवत नव्हता. दीड तास झाला, भटजी पन कंटाळले. सगळे कायकाय बोलून बघत व्हते. मग मीच हात जोडले आनि म्हटलं, आये, दादा घाबारलाय गो. त्याच्यावर रागवू नको. तेवा शिवला."

सर, तुम्ही ते वाक्य दुरुस्त केलं नसतंत तर माझ्या भावाचं हे बोलणं मला मरेपर्यंत ऐकायला मिळालं नसतं. तुमच्यावरचा माझा राग त्या व्हरांड्यातच संपला. माझ्या खोलीवर तुम्हाला जे म्हणायचं राहिलं ते आता या ग्रंथात, सगळ्यांच्या साक्षीने म्हणतो : असू द्या, सर.

ईश्वर सरांना उदंड आयुष्य देवो, त्यांच्या गुडघ्यांना बळ देवो आणि काकूंची साथ अशीच राहो. माझी आई आज असती तर सरांच्याच वयाची असती. तिच्या वाट्याची जी वर्षं राहिली, ती सगळी त्यांना मिळोत.